करमणूक हाही हक्कच! खासबाग आणि केशवराव भोसले नाट्यगृह आपण कसे पाहावे?

कोल्हापूरला जाणारा आंबेडकरी कार्यकर्ता बहुतेक वेळा ठरलेल्या ठिकाणी जातो. बिंदू चौकात बाबासाहेबांच्या आणि जोतीरावांच्या पुतळ्यांना अभिवादन करतो, वेळ असेल तर माणगावला जाऊन येतो, नवीन राजवाड्यातले संग्रहालय पाहतो आणि परतीची गाडी पकडतो. खासबागेकडे तो वळलाच तर भेळ खायला वळतो. तिथले कुस्तीचे मैदान पैलवानांचे आणि शेजारचे नाट्यगृह नाटकवाल्यांचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असा आपला समज झालेला आहे.

हा समज खोडून काढण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की करमणुकीची जागा आणि मोकळा वेळ या दोन गोष्टी जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांकडून हिसकावून घेतल्या होत्या. त्या परत मिळवण्याचा इतिहास हा पाणवठ्याच्या आणि शाळेच्या इतिहासाइतकाच आपल्या चळवळीचा इतिहास आहे. तो वाचायचा असेल तर खासबागेसारखी जागा महाराष्ट्रात दुसरी क्वचितच सापडेल.

आगीनंतर कोणाच्या आठवणी निघाल्या?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. छप्पर कोसळले, रंगमंच जळाला, खुर्च्या जळाल्या. उरल्या त्या दगडी भिंती. आगीची झळ लागूनच असलेल्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठालाही बसली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्टला, केशवराव भोसले यांची जयंती होती. कोल्हापूरकर रडले, आणि त्यांचे रडणे खरे होते. पडदा ओढणाऱ्यापासून नटापर्यंत अनेकांचे आयुष्य त्या वास्तूत गेले होते.

त्यानंतरचे काही दिवस वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर आठवणींचा पूर आला. कुणाचे पहिले पाऊल त्या रंगमंचावर पडले, कुणाला तिथे किती 'वन्स मोअर' मिळाले, कोणत्या गायकाची मैफल पहाटेपर्यंत रंगली. हे सगळे यायलाच हवे होते. पण त्या पुरात एक प्रश्न आम्हाला फारसा दिसला नाही. ज्या राजाने हे नाट्यगृह बांधले, त्याच राजाने त्याच काळात अस्पृश्यांच्या आणि भटक्यांच्या पायांतल्या बेड्या तोडल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे की नाही?

आमच्या मते आहे. तो समजून घ्यायला तारखा नीट लावाव्या लागतात.

मैदान आणि नाट्यगृह

खासबाग म्हणजे राजघराण्याची खासगी बाग. नावातच मालकी आहे. ज्या बागेत सामान्य रयतेने पाऊल टाकायचे नाही, तिला खासबाग म्हणत. त्या जागेवर राजर्षी शाहू महाराजांनी हजारो माणसे एका वेळी बसतील असे कुस्तीचे मैदान बांधून घेतले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी युरोपातली नाट्यगृहे आणि रोममधली प्राचीन प्रेक्षागारे पाहिली. तिथे त्यांच्या मनात भरले ते असे, की जागेची रचना नीट असेल तर शेवटच्या माणसालाही खेळ दिसतो. खासबाग मैदानात उभे राहिले की ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. मध्ये तांबड्या मातीचा हौद आणि भोवती चढत जाणारी गोल बैठक. समोरच्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही.

१९१२ साली मैदान खुले झाले. इथली पहिली गाजलेली लढत इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांच्यात झाली. इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा भाऊ. आज कुस्तीला एका धर्माच्या खात्यात टाकू पाहणाऱ्यांनी हे दोन्ही नावे पुन्हा वाचावीत. शाहूंच्या दरबारात गायनाची गादी उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे होती, हेही सोबत लक्षात ठेवावे.

मैदानाला लागून १९१५ साली नाट्यगृह उभे राहिले. तेव्हाचे त्याचे नाव पॅलेस थिएटर. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. कुस्ती बहुजनांची आणि नाटक पांढरपेशांचे, अशी वाटणी महाराष्ट्राच्या डोक्यात पक्की बसली आहे. शाहूंनी दोन्ही गोष्टी एका भिंतीला भिंत लावून बांधल्या. हा नुसता जागेचा योगायोग मानला, तरी त्याचा परिणाम मोठा आहे. तालमीतला पोरगा आणि नाटकातला पोरगा एकाच रस्त्याने येऊ-जाऊ लागले.

इमारत आधी, दरवाजा नंतर

आता तारखा लावू.

१९०२ च्या जुलैमध्ये महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१२ साली मैदान. १९१५ साली नाट्यगृह. १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. १९१८ साली महार वतन रद्द आणि हजेरीची पद्धत बंद. १९१९ साली सार्वजनिक इमारती, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा यांत अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूम. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा निर्णय.

या यादीत एक गोष्ट पाहा. नाट्यगृह आधी झाले आणि सार्वजनिक जागांबद्दलचे हुकूम चार वर्षांनी आले. म्हणजे इमारत आधी उभी राहिली, कायद्याने दरवाजा नंतर उघडला. आम्ही असे मानतो, की कोणतीही जागा उद्घाटनाच्या दिवशी सार्वजनिक होत नाही. समाजातल्या शेवटच्या माणसाला तिथे जाण्याचा हक्क, जाण्यापुरता वेळ आणि जाण्यापुरते पैसे मिळतात, त्या दिवशी ती सार्वजनिक होते. पॅलेस थिएटरचा खरा जन्म १९१५ चा धरायचा की १९१९ चा, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

वेळेचा मुद्दा आपल्याकडे फार कमी बोलला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबू.

हजेरी म्हणजे काय? महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींतल्या माणसांनी रोज चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचे. चोरी केली म्हणून नाही, त्या जातीत जन्मलो म्हणून. ज्याला रोज हजेरी द्यायची आहे, तो शेजारच्या गावच्या जत्रेला कसा जाणार? कोल्हापूरला येऊन रात्रीचा खेळ पाहून पहाटे कसा परतणार? त्याच्यासाठी संध्याकाळ नावाची गोष्टच शिल्लक नव्हती.

आणि महार वतन म्हणजे काय? तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात चोवीस तास सरकारची आणि गावाची चाकरी. टपाल पोहोचवा, सारा वसुलीला माणसे बोलवा, मेलेली जनावरे ओढा, साहेब आला की त्याच्या घोड्यामागे पळा. बोलावणे कधी येईल याचा नेम नाही. कुटुंबातला एक वतनदार, पण राबायला सगळे घर. अशा माणसाच्या दिवसात 'माझा वेळ' म्हणून एक तासही नसतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गुलामीविरुद्ध. कोल्हापूर संस्थानात हे पाऊल त्याच्या दहा वर्षे आधी पडले होते.

म्हणून आम्ही म्हणतो, की १९१८ च्या हुकुमांनी माणसांना जमीन आणि मान यांच्याबरोबर संध्याकाळही परत दिली. शाहूंच्या हुकुमांच्या यादीत नाट्यगृहाचे बांधकाम 'कलाप्रेम' या वेगळ्या कप्प्यात ठेवणारे इतिहासकार हा धागा तोडून टाकतात.

"पोटाचे प्रश्न सोडून नाटक-तमाशा कशाला?"

हा प्रश्न आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलामुलींना घेऊन आम्ही खासबागेत गेलो होतो, तेव्हा एका मुलाने विचारलेच, "दादा, इथं आपलं काय आहे? बागा-बिगा बघायला आपण आलोय का?" त्याचा राग आम्हाला आला नाही. शिष्यवृत्ती अडकलेल्या, घरी कर्जाचा हप्ता थकलेल्या मुलाने हे विचारणे साहजिक आहे.

पण याचे उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात ते गांधीवादाची चिकित्सा करतात. यंत्रे नकोत, चरखा हवा, या विचाराला ते विरोध का करतात? कारण यंत्र आणि आधुनिक संस्कृती माणसाला फुरसत देते. नुसते राबणे आणि खाणे हे पशूचे जगणे. माणसाचे जगणे म्हणजे मनाची मशागत, आणि ती फुरसतीशिवाय होत नाही. फुरसत मूठभरांची मक्तेदारी असेल तर संस्कृतीही मूठभरांचीच राहणार. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कामाचे तास कमी करण्यासाठी आणि पगारी रजेसाठी केलेले प्रयत्न याच विचारातून आलेले आहेत.

ब्राह्मणी व्यवस्थेने शूद्रांना संपत्ती आणि ज्ञान नाकारले हे आपण नेहमी सांगतो. तिने फुरसतही नाकारली, हेही सांगितले पाहिजे. राबणाऱ्याने नुसते राबावे, आणि त्याच्या राबण्यातून ज्यांना रिकामा वेळ मिळतो त्यांनी शास्त्र, संगीत आणि नाटक करावे, हा तिचा नियम होता.

यात एक कप चहाही येतो. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठ्यांच्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना तिथल्या सवर्ण नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढून दिले. भाऊसिंगजी रस्त्यावरचे ते सत्यसुधारक हॉटेल. महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि सोबतच्या सवर्ण अधिकाऱ्यांनाही पाजत. पाण्याला हात लावल्याबद्दल मार खाल्लेल्या माणसाच्या हातचा चहा भर रस्त्यात प्यायला जाऊ लागला. हॉटेलात निवांत बसून चहा पिणे ही केवढी मोठी राजकीय कृती असू शकते, हे गंगाराम कांबळ्यांच्या दुकानाने दाखवून दिले. करमणुकीला आणि निवांतपणाला क्षुल्लक समजणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

केशवराव आणि एका खेळाचा हिशेब

ज्यांचे नाव नाट्यगृहाला आहे ते केशवराव भोसले १८९० साली कोल्हापुरात जन्मले. घरची गरिबी. लहानपणीच नाटक मंडळीत दाखल झाले आणि 'शारदा' नाटकातल्या नायिकेच्या भूमिकेने नावारूपाला आले. वयाच्या अठराव्या वर्षी, १ जानेवारी १९०८ ला, हुबळीत त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. ज्या क्षेत्रात लेखक, मालक, समीक्षक आणि पुढच्या रांगेतले प्रेक्षक बहुतेक एकाच जातीचे, तिथे एका गरीब बहुजन मुलाने कंपनी उभी करणे ही साधी गोष्ट नव्हती. ४ ऑक्टोबर १९२१ ला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले.

जाण्याआधी तीन महिने, ८ जुलै १९२१ ला, मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. मराठी रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासात हा खेळ सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेला असतो. तिकिटांच्या चढ्या दरांच्या कथा अजून सांगितल्या जातात. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले, हेही अभिमानाने सांगितले जाते. कथा तिथेच संपते.

आपण मात्र पुढचे पान उलटायचे. त्या फंडात देशभरातून एक कोटीहून अधिक रुपये जमले. १९२२ च्या बारडोली कार्यक्रमात काँग्रेसने अस्पृश्यता निवारणाचे काम हाती घेतल्याचे जाहीर केले. मग या प्रचंड रकमेतून अस्पृश्यांच्या कामासाठी किती खर्च झाला? वर उल्लेख केलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी तो हिशेब आकड्यांसह मांडला आहे. वाटा नगण्य होता. त्या कामासाठी नेमलेल्या समितीतून स्वामी श्रद्धानंदांना वैतागून बाहेर पडावे लागले, हेही त्यांनी नोंदवले आहे.

यात केशवरावांचा किंवा बालगंधर्वांचा दोष नाही. त्यांनी आपली कला दिली. पण कलेच्या नावाने जमलेला पैसा कुठे गेला हे विचारणे हा रसिकतेचा भंग ठरत नाही. टाळी वाजवून झाल्यावर हिशेब मागणे, ही आपली परंपरा आहे.

कोणाची कला 'कला' ठरली?

पांढरपेशांच्या नाटकाला नाट्यगृह मिळाले, दगडी भिंती मिळाल्या, पदव्या मिळाल्या. महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी यांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या कलेला मिळाली जत्रेतली कनात आणि 'बीभत्स' हा शिक्का. ढोलकी, हलगी, संबळ, लावणी ही या मातीची वाद्ये आणि गाणी. संगीत नाटकात राजघराण्यातली स्त्री रंगवणाऱ्या पुरुषाला समाजाने डोक्यावर घेतले. फडावर नाचणाऱ्या दलित स्त्रीला त्याच समाजाने रात्री दौलतजादा केला आणि सकाळी तिची सावली टाळली.

बाबासाहेबांना हे ढोंग पक्के ठाऊक होते. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाही. पवळाबाईसारख्या महार स्त्रीला फडावर नाचवून मिळालेला पैसा स्त्रियांच्या अब्रूसाठी लढणाऱ्या चळवळीला नको होता. याचा अर्थ चळवळीला गाणे नको होते असा मुळीच नाही. सत्यशोधक जलशांच्या पावलावर पाऊल टाकून आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांपासून वामनदादांपर्यंतच्या शाहिरांनी बाबासाहेबांचा विचार झोपडीझोपडीत पोहोचवला. तीच ढोलकी, तेच कलावंत, पण गण-गौळणीच्या जागी माणसाचे माणूसपण. करमणूक कशी असावी यावर आपल्या चळवळीची स्वतःची भूमिका होती आणि आहे.

प्रश्न एवढाच, की त्या जलशांना छप्पर किती ठिकाणी मिळाले? बहुतेक जलसे उघड्या मैदानात, वस्तीच्या चौकात, कंदिलाच्या उजेडात झाले. म्हणून आपल्यासाठी मैदान आणि बाग ही नाट्यगृहाइतकीच मोलाची. जिथे तिकीट नाही आणि दाराशी माणूस नाही, तिथेच आपली रंगभूमी घडली.

संविधानातली पंधराव्या कलमाची ओळ

आपण कलम १५ चा उल्लेख नेहमी आरक्षणाच्या संदर्भात करतो. त्याच कलमाचा दुसरा खंड मात्र सावकाश वाचायला हवा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत जाण्यापासून रोखता येणार नाही, असे तो सांगतो. पुढे विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी दिलेल्या सार्वजनिक वावराच्या जागा येतात. चवदार तळे आणि नाट्यगृह एकाच वाक्यात आहेत!

२९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या मसुद्यावर चर्चा झाली. प्रा. के. टी. शाह यांनी नाट्यगृहे, सिनेमागृहे, उद्याने, संग्रहालये अशी लांबलचक यादी सुचवली. ती स्वीकारली गेली नाही. 'दुकान' या शब्दात न्हावी-धोबी येतात का, असे विचारले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केले, की हा शब्द सेवा देणाऱ्या सगळ्यांना लागू होईल अशा व्यापक अर्थाने वापरला आहे. यादी जितकी लांब तितक्या तिच्यातल्या पळवाटा जास्त, म्हणून शब्द रुंद ठेवायचे, ही त्यामागची दृष्टी आम्हाला दिसते. अस्पृश्यता नष्ट करणारे, आजचे सतरावे कलम त्याच दिवशी मंजूर झाले.

१९५५ च्या कायद्याने, ज्याला आपण आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, करमणुकीच्या ठिकाणी अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. त्यात करमणूक या शब्दाखाली प्रदर्शन, प्रयोग आणि खेळ हे सगळे घेतलेले आहे. म्हणजे नाट्यगृह आणि कुस्तीचे मैदान दोन्ही त्यात बसतात. शाहूंनी जे एका आवारात बांधले, ते कायद्याने एका व्याख्येत आणले.

खासबाग पाहायची कशी?

कोल्हापूरला जाणाऱ्या तरुणांसाठी आम्ही एक वाट सुचवतो. एका दिवसात चालत होते.

सुरुवात बिंदू चौकातून करा. ९ डिसेंबर १९५० ला भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने इथे जोतीरावांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा बसला. बाबासाहेब तेव्हा हयात होते. तिथून मिरजकर तिकटीमार्गे खासबागेत या. आधी मैदान पाहा. सगळ्यात वरच्या पायरीवर बसा आणि तिथून हौद किती स्वच्छ दिसतो ते अनुभवा. मग नाट्यगृहाच्या दगडी भिंतींपाशी या. त्या बांधणाऱ्या पाथरवटांची आणि गवंड्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नसतात, पण आगीत टिकले ते त्यांचेच काम.

पुढे भाऊसिंगजी रस्त्याला लागा. इथेच गंगाराम कांबळ्यांचे हॉटेल होते. कुठल्याही टपरीवर चहा घ्या आणि सोबतच्यांना ती गोष्ट सांगा. याच रस्त्यावर टाऊन हॉलची जुनी बाग आहे, तिच्या मधोमध संग्रहालय. दुपारच्या उन्हात तिथल्या झाडांखाली बसलेली माणसे पाहा. समोरच्या सरकारी दवाखान्यात रुग्ण ठेवून आलेले नातेवाईक, डबा खाणारे मजूर, अभ्यास करणारी मुले. ज्यांना बसायला दुसरी जागा नाही त्यांची ही जागा. शहरातल्या बागेचा खरा उपयोग इथे कळतो.

शेवट सिद्धार्थनगरजवळच्या नर्दुल्ला बागेत करा. शाहू महाराजांच्या निधनानंतर गंगाराम कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढाकार घेऊन इथे त्यांचे स्मारक उभारले. ज्यांना पाण्यासाठी मार बसला होता, त्यांनी राजाची आठवण जपली. महाराजांच्या समाधिस्थळाचे लोकार्पण इथेच २०२० साली झाले. एका बागेतून निघून दुसऱ्या बागेत संपणारी ही वाट आहे. पहिली नावाने राजाची, दुसरी मनाने रयतेची.

आता मागायचे काय?

नाट्यगृह पुन्हा उभे राहणार, आणि ते राहिलेच पाहिजे. पण इतिहास सांगून थांबणे हे आपले काम नव्हे. ज्या जागा जनतेच्या पैशातून चालतात, त्या जनतेच्या राहतात का, हे तपासत राहणे हे आपले काम.

आमचाच अनुभव सांगतो. एका जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी पैशातून बांधलेल्या नाट्यगृहात आम्ही भीमगीतांच्या आणि शाहिरी जलशाच्या कार्यक्रमासाठी अर्ज केला. 'वाद होऊ शकतो' असे तोंडी सांगून आमच्याकडे पोलिसांचे पत्र मागितले गेले आणि अनामत रक्कम वाढवून सांगितली गेली. त्याच आठवड्यात तिथे एक ऑर्केस्ट्रा आणि एक प्रवचन झाले. त्यांच्याकडे असले पत्र कुणी मागितले नाही. आज दारावर 'अमुक जातीला प्रवेश नाही' अशी पाटी नसते. ती पाटी भाड्याच्या दरपत्रकात, अनामत रकमेत आणि 'वाद' या शब्दात लपलेली असते.

बागांचेही तेच. कुंपण घालायचे, तिकीट लावायचे, सकाळी चालायला येणाऱ्यांच्या सोयीने वेळा ठरवायच्या आणि दुपारी मजुराला टेकायला जागा ठेवायची नाही, याला सुशोभीकरण म्हणतात. बाग झाडणारे आणि नाट्यगृहाची स्वच्छतागृहे साफ करणारे हात बहुतेक आपल्याच वस्त्यांतले, तेही कंत्राटी. संध्याकाळच्या खेळाला त्या हातांची मुले खुर्चीवर बसलेली असतात का?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक नाट्यगृहांत शाहिरी जलसे, तमाशा, लोककला आणि प्रबोधनाच्या कार्यक्रमांसाठी सवलतीच्या दरात ठरावीक तारखा राखून ठेवा. भाडे आणि अनामत यांचे नियम लेखी आणि सर्वांना सारखे ठेवा. नकार द्यायचा तर तोही लेखी द्या. सफाई कामगारांच्या आणि पालिका शाळांच्या मुलांना खेळ पाहण्याची सोय करा. मैदाने आणि बागा विनातिकीट ठेवा. आणि केशवराव भोसले नाट्यगृह नव्याने उघडेल तेव्हा तिथल्या इतिहासफलकावर नटांच्या नावांशेजारी १९१८ आणि १९१९ च्या हुकुमांचाही उल्लेख करा. ज्या हुकुमांनी प्रेक्षक घडवला, त्यांच्याशिवाय रंगमंचाचा इतिहास अपुरा आहे.

तरुण मित्रमैत्रिणींनो, आपल्या गावातल्या नाट्यगृहाचे दरपत्रक मागवा. बागेच्या वेळा कुणी ठरवल्या ते विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि हे सगळे करून झाल्यावर, आईवडिलांना घेऊन एक संध्याकाळ नाटकाला जा. पुढच्या रांगेत बसा. ती खुर्ची आपल्याला कुणी दान दिलेली नाही. ती हजेरी मोडून, वतन झुगारून आणि कलम १५ लिहून मिळवलेली आहे.

जय शाहू! जय भीम!